वस्तादांचं सकाळचं दूध

घटस्थापनेच्या सकाळी वस्ताद तालमीच्या दारापर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले.

आमच्या तालमीचं दार बुटकं. मातीपुढं कुणी ताठ मानेनं येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी ते मुद्दाम तसं ठेवलेलं. रुंदीही एका वेळी एकच माणूस आत जाईल एवढी. लहानपणी आम्ही दोघं-तिघं एकदम घुसायचो आणि खांद्याला खांदा लागून अडकायचो, मग आतून वस्तादांची शिवी यायची. त्या दारातून वस्ताद चाळीस वर्षं रोज पहाटे आत जात आले होते.

"चला, वस्ताद," मी मागून म्हणालो.

"जातोय की."

पण पाय हलेना. वरचं अंग पुढं झुकलेलं, पावलं मात्र जागच्या जागी. उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता, तो गेली तीन वर्षं फिरतच होता. कंपवात आहे हे सगळ्या पेठेला माहीत होतं. हात थरथरायचा, सदऱ्याची बटणं त्यांची बायको, आमच्या आक्का, लावायच्या, तोंडावरचं हसू कमी झालं होतं. पण पाय असा कधी अडला नव्हता. आत पोरांच्या बैठका थांबल्या.

शेवटी मी आणि आणखी एकानं धरून त्यांना बाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसवलं. तेवढ्यात तालमीचे अध्यक्ष नाना तिवले आले. नाना माणूस चांगला, फक्त घाईचा.

"वस्ताद, उद्यापासनं खुर्ची ठेवतो आत. चौघं उचलून ठेवतील. तुम्ही नुसतं बसून सांगायचं."

वस्तादांनी त्यांच्याकडं पाहिलं. आवाज बारीक झाला होता, पण शब्द तोच जुना, तोलून टाकलेला.

"खुर्चीवरनं वस्तादकी होत न्हाई, नाना. दसऱ्याला माती पुजायची हाय. माझ्या पायानं ह्या दारातनं आत जाऊन मातीच्या हौद्यात उतरलो तर उतरलो. न्हाईतर किल्ली तुमच्या हातात. दुसरा वस्ताद बघा."

"आसं कुटं आसतंय व्हय?"

"आसंच आसतंय."

हिंदुराव मगदूम वस्तादांनी दिलेला शब्द माघारी घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दसऱ्याला नऊ दिवस होते. तालमीची किल्ली त्यांच्या कोपरीच्या खिशात असायची, झोपतानाही. मूलबाळ नाही, शेत नाही. सकाळी दार उघडायचं, मारुतीपुढं उदबत्ती लावायची आणि पोरांच्या अंगावर माती टाकायची, एवढाच त्यांचा संसार. घरी गेल्यावर आक्का मला घरामागच्या परड्यात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर्जा, तालीम सुटली की ह्यो माणूस चार म्हैनं बी काढायचा न्हाई. काय तरी कर बाबा."

काय तरी कर, हे त्या मला म्हणाल्या याला कारण होतं. कारण मी आधीच काहीतरी करत होतो.

मी सर्जेराव आडनाईक. तेव्हा एकोणतिसाचा होतो. वयाच्या नवव्या वर्षापासून वस्तादांच्या हाताखाली वाढलो. तेविसाव्या वर्षी एका जत्रेच्या मैदानात उजवा गुडघा गेला. दोन ऑपरेशनं झाली, पाय वाचला, पण वाकायचा बंद झाला. आजही बसताना मला तो पाय समोर लांब सोडावा लागतो, आणि लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या शिव्या खाव्या लागतात. कुस्ती संपल्यावर मी व्यायामशाळांना लागणाऱ्या पावडरींचं दुकान टाकलं. दूध-बदाम-तूप यांच्या गावात डब्यातलं प्रोटीन विकायचं म्हणजे नदीकाठी पाणी विकण्यातला प्रकार. तरी दुकान चाललं. नारळ वस्तादांनीच फोडला. पहिला डबाही त्यांनीच घेतला, आणि तो कुणाला तरी देऊन टाकला असणार.

त्या वर्षी पावसाळ्यात मी पुण्याला एका हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर करून आलो. विषय होता अमिनो ॲसिड थेरपी. टाय लावलेल्या एका माणसानं पडद्यावर तराजू दाखवला. मेंदूत निरोप पोचवणारी द्रव्यं असतात, एका पारड्यात डोपामिन, दुसऱ्यात सेरोटोनिन. कंपवातात डोपामिनचं पारडं हलकं होऊन वर जातं. आता डोपामिन शरीर कशापासून बनवतं? टायरोसिन नावाच्या अमिनो ॲसिडपासून. मग ते अमिनो ॲसिड भरपूर द्या, पारडं खाली येईल, तराजू समतोल. इतकं सरळ. भिंतीला विटा कमी पडल्या तर विटा आणून टाकायच्या, यात न पटण्यासारखं काय आहे? मी प्रमाणपत्र घेतलं, काचेच्या चौकटीत मढवलं आणि दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलं. पहिला रोगी तर घरचाच होता.

"वस्ताद, दोन म्हैनं घ्या. हात थांबला न्हाई तर माझं नाव बदला."

"तू म्हणतोस न्हवं?" वस्ताद म्हणाले. "मग घेतो."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता.

घ्यायची पद्धत आमच्या तालमीतलीच. वस्तादांचं सकाळचं दूध हे कधीच त्यांच्या घरचं नसे. पोरांनी पाळी लावून घेतलेली. रोज एकजण गोठ्यावरून लिटरभर म्हशीचं धारोष्ण दूध कासंडीतून आणायचा, वस्तादांच्या पायाशी ठेवायचा, आणि वस्ताद ते उभ्यानं एका दमात संपवायचे. दुखणं लागल्यावर पोरांनी लिटराचं सव्वा लिटर केलं. पोरानं आणलेलं दूध वस्तादानं परत करायचं नसतं. केलं तर त्या पोराला वस्तादानं टाकलं असा अर्थ होतो. त्याच दुधात मी माझ्या पावडरीचे दोन चमचे घालायला सांगितलं. आणि दवाखान्यातून दिलेली सकाळची गोळी आक्का त्याच दुधाबरोबर द्यायच्या. गोळ्या उष्ण पडतात, दुधाबरोबर बाधत नाहीत, हे आपल्याकडं कुठल्या आईला सांगावं लागत नाही.

तर घटस्थापनेला वस्ताद दारात अडले, तेव्हा माझी पावडर चालू होऊन बेचाळीस दिवस झाले होते. हात थांबला नव्हता. उलट सकाळच्या वेळी वस्ताद जास्तच आखडल्यासारखे दिसत होते. मी विचार केला आणि, शहाण्यानं करावं तसं, चमचे दोनाचे चार केले.

दुसरी, तिसरी, चौथी माळ गेली. रोज सकाळी सातला मी वस्तादांना घेऊन तालमीकडं निघायचो. गल्लीतून पाय घासत कसेबसे यायचे आणि दारात उभे राहायचे. एकदा अर्धा तास उभे होते. घाम यायचा. "जातोय की," एवढंच म्हणायचे. नाना लांबून बघायचे आणि मान हलवून जायचे.

पाचव्या माळेला आमच्याकडं त्र्यंबोलीची जत्रा. देवीची पालखी टेकडीवर जाते, कोहळा फोडतात. सगळी पेठ तिकडं. तालीम बंद, दूध आणणारं पोरगं पालखीला, मीही दुकानासमोरच्या मंडळाच्या प्रसादात अडकलेला. साडेआठला सवड काढून वस्तादांच्या घरी गेलो तर घरात कोणी नाही. कोपऱ्यावर पानपट्टी होती. वस्ताद तिथं उभे होते. काठी बगलेत धरून, कोपरीची बटणं लावलेली, पानपट्टीवाल्याशी कुठल्याशा जुन्या कुस्तीवर वाद घालत होते. मला बघून स्वतः चालत आले. नुसते आले नाहीत, मध्ये गटार होतं ते ओलांडून आले.

"वस्ताद, बटणं कुणी लावली?"

"कुणी म्हंजे? मला हात न्हाईत?"

माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू. चार चमच्यांचा गुण आला होता. मी रस्त्यात उभा राहून मोबाइलवरून पुण्याच्या त्या टायवाल्याला फोन लावला. संध्याकाळपर्यंत पेठेत निम्म्या लोकांना माहीत झालं की सर्जाच्या पावडरीनं मगदूम वस्ताद चालायला लागले. दोघंजण डबे घेऊनही गेले. आक्का जत्रेहून आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण मधेच ओट्यापाशी जाऊन उगाच रिकामी कासंडी पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी वस्ताद खाटेवरून उठू शकले नाहीत.

सातव्या माळेला दुपारी आक्का माझ्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाकावर बसल्या, पदरानं मान पुसली, भिंतीवरचं प्रमाणपत्र बघितलं.

"सर्जा, राग मानू नगंस. एक बोलू?"

"बोला की, आक्का."

"पंचमीला दूध न्हवतं."

मला कळलं नाही. "म्हंजे?"

"पोरगं पालखीला गेलं. मी गोळी पाण्यासंगं दिली नि गेले जत्रंला. तुझी पावडर डब्यातच ऱ्हायली. दूध न्हाई, पावडर न्हाई. आणि त्या दिवशी हे चाललं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "गोकुळाष्टमीला बी आसंच झालतं. दिवसभर निर्जळ उपास, गोळ्यांपुरता पाण्याचा घोट. त्या दिवशी ह्यांनी दोरीवरची धुणी काढून घड्या घातल्या. मला वाटलं, देवाची किरपा. पण देवाची किरपा एकाच दिवसाची कशी आसंल रं?"

मी आक्कांवर चिडलो. तोंडानं नाही, पण मनातून चिडलो. चौथी शिकलेली बाई, आणि मी प्रमाणपत्रवाला. शिवाय दुधानं माणूस अडतो हे आमच्या पेठेत बोलणंसुद्धा पाप. त्यांना खोटं पाडावं म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून मेंदूच्या डॉक्टर कित्तूरबाईंकडं गेलो. वस्तादांचे कागद त्यांच्याकडं होते.

बाई वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या, पण बोलणं मोजून. त्यांनी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. मग विचारलं, "गोळी कशाबरोबर देता?"

"दुधाबरोबर. सव्वा लिटर."

"सव्वा लिटर?"

"पैलवान आहेत, बाई."

त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. "मी पाण्याबरोबर, उपाशीपोटी असं लिहून दिलं होतं. तेव्हा सांगितलंही होतं."

"आक्कांना वाटलं, उष्ण पडंल."

"हं." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "बघा, आडनाईक. या गोळीत जे औषध आहे तेही एक अमिनो ॲसिडच आहे. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. आता आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला त्याला ठरावीक वाट लागते. दूध, मांस, डाळ, तुमची ही पावडर, हे सगळं पचलं की त्यातूनही अमिनो ॲसिडंच सुटतात. त्यातल्या बऱ्याच जणांना आत जायला तीच वाट लागते. मग गर्दी होते. औषध बाहेरच ताटकळतं."

"एका वेळी एकच माणूस जाईल एवढं दार," मी म्हणालो.

"तसंच म्हणा."

"आणि मी त्या दारात जत्रा भरवली."

"सगळ्याच रोग्यांना एवढा फरक पडत नाही. यांना पडत असावा. दूध विष नाही, त्यांना प्रोटीन हवंच आहे, ते संध्याकाळकडं न्या. गोळी पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास पोटात काही नको. ही पावडर बंद करा. ती या आजारात लागू पडते असा भरवशाचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही." मग आवाज थोडा मऊ करून म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. आजार आहे तिथंच राहणार आहे. पाय पुन्हा अडतील. अडले की ओढू नका त्यांना. पुढं काहीतरी ओलांडायला ठेवा, जमिनीवर रेघ, काठी, काहीही. सपाट जमिनीवर अडलेला पाय कधी कधी अडथळ्यावरून जातो."

परत येताना मी रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. गोळी आपलं काम करायला रोज सकाळी दारापर्यंत येत होती, आणि रोज सकाळी मीच तिला बाहेर अडवत होतो, वर चार चमच्यांनी. गुरूला लागणारा घास मीच तोडला, याहून वाईट गोष्ट पैलवानाच्या हातून काय होणार?

वस्ताद खाटेवर पडून होते. मी पायाशी बसलो, पाय लांब सोडून, आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. माझ्यामुळं झालं, हे तीनदा म्हणालो.

वस्ताद आढ्याकडं बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं."

"एवढंच? दोन शिव्या तरी द्या."

"दुधाचं पोरांना तू सांग. माझ्या तोंडानं नगं."

त्या 'बरं'मध्ये मला नवल दिसलं नाही. दीड महिना उलटा उपचार झालेला माणूस निदान चकित तरी होईल. पण तेव्हा मला तेवढा विचार करायला जागा नव्हती. मी संध्याकाळी तालमीत गेलो आणि सगळ्यांपुढं उभा राहून सांगितलं, की वस्तादांचं दूध उद्यापासून सकाळी नाही, दिवस मावळताना. आणि माझ्या डब्यानं त्यांना अपाय झाला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकजण म्हणाला, "दुधानं कुठं पैलवान अडतोय व्हय?" दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी होती तो तर रडकुंडीला आला, वस्तादांनी आपल्याला टाकलं असं त्याला वाटलं. त्याला समजावताना मला कळलं की वस्ताद हे स्वतःच्या तोंडानं का सांगत नव्हते.

नवमीच्या सकाळी गोळी पाण्याबरोबर गेली. वस्ताद तासाभरानं उठून परड्यात गेले आणि आले. आक्का चुलीपुढं पाठ करून बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

दसऱ्याला तालीम धुऊन-पुसून आपट्याच्या पानांनी सजवलेली. हौद्यातली माती खणून, ताक-तेल-हळद घालून मऊ केलेली. आमची रीत अशी, की वस्तादानं अनवाणी हौद्यात उतरायचं, मारुतीला नमस्कार करून पहिली मूठ उचलायची आणि त्या वर्षी तालमीत आलेल्या सगळ्यात नव्या पोराच्या माथ्याला लावायची. ती मूठ लागली की पोरगं तालमीचं झालं. जुने-नवे मिळून शंभरएक माणूस गोळा झालं होतं. नाना तिवले नवा फेटा बांधून दाराशी उभे.

वस्ताद गल्लीतून चालत आले. काठी होती, पण टेकवत नव्हते. मागे आक्का. लोकांनी वाट करून दिली. दाराशी आले, मान वाकवली आणि थांबले.

पाय अडला.

वस्तादांचा अंगठा बोटावर फिरायला लागला. "जातोय की," ते स्वतःशीच म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांचा हात हळूहळू कोपरीच्या खिशाकडं गेला. खिशात काय आहे ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. नाना खाली बघायला लागले.

मी दाराच्या आतल्या बाजूला उभा होतो. बाईंचं बोलणं आठवलं, पण हाताशी काठी नाही, रेघ ओढायला खडू नाही. मी दारातच खाली बसलो. बसलो की माझा उजवा पाय कुठं जाणार, तो समोर गेला, आडवा, चौकटीला लागून, वस्तादांच्या पावलांच्या पुढ्यात.

"वस्ताद, माझ्या पायावरनं या."

ते माझ्या पायाकडं बघत राहिले. गुडघ्यावर टाक्यांचा व्रण आहे, तिथं त्यांची नजर थांबली.

मागून आक्का म्हणाल्या, "आवं, माणसाला ओलांडू नये. वाढ खुंटती त्याची."

"आता आणि किती वाढणार हाय ह्यो?" वस्ताद म्हणाले, आणि डावा पाय उचलला.

उचलला, माझ्या गुडघ्यावरून नेला, पलीकडं ठेवला. मग उजवा. दार ओलांडून ते आत आले आणि तसेच चालत, कुणाचा हात न धरता, चार पावलांत हौद्याच्या काठाशी गेले. काठावर हात टेकून मातीत उतरले. बाहेर कुणीतरी मारुतीचा जयकार केला. नाना तिवले फेटा काढून डोळे पुसत होते, नव्या फेट्याचा रंग त्यांच्या गालाला लागला.

वस्तादांनी नमस्कार केला. खाली वाकून मूठभर माती घेतली. त्या वर्षीचं नवं पोरगं, लंगोट लावून, माथा पुढं करून काठावर उभं होतं. वस्ताद त्याच्याकडं गेले नाहीत.

"सर्ज्या, उतर."

सहा वर्षं मी हौद्यात पाय ठेवला नव्हता. मला कुणी अडवलेलं नव्हतं. वस्तादांनी कधी बोलावलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. गुडघ्याबद्दल आम्ही दोघं आजवर एक शब्दही बोललो नव्हतो. मी काठ धरून, पाय ओढत उतरलो. माती थंड होती.

वस्ताद माझ्यापुढं खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला. थरथरत्या हातानं त्यांनी ती पहिली मूठ माझ्या गुडघ्याला लावली, व्रणावर, हळूहळू, लेप लावावा तशी. आवाज इतका बारीक होता की फक्त मला ऐकू आला.

"मला ठावं हुतं."

"काय, वस्ताद?"

"दुधाचं. तुझ्या पावडरीचं. गोकुळाष्टमीलाच कळलं हुतं. अंग माझं हाय, मला कळायचं न्हाई व्हय?"

"मग पीत का ऱ्हायला? बोलला का न्हाई?"

त्यांचा हात गुडघ्यावर फिरत राहिला.

"तुझा पाय गेला त्या जत्रंत सकाळी तू म्हणालतास, वस्ताद, गुडघा दुखतोय, आज नगं. म्हणालतास का न्हाई?"

मी म्हणालो होतो. ते मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या आईलाही नाही. त्या दिवशी ते म्हणाले होते, मातीत उतरल्यावर कळ कळत नसती, उतर. आणि मी उतरलो होतो, एकही प्रश्न न विचारता.

"तवा मी तुझं ऐकलं न्हाई," वस्ताद म्हणाले. "आता तू म्हणालास घ्या. तुला न्हाई म्हणायला तोंड कुटलं आणू?"

नवं पोरगं अजून माथा पुढं करून उभं होतं. वस्तादांनी दुसरी मूठ घेतली आणि त्याच्या माथ्याला लावली.

याला आता एकवीस वर्षं झाली. मी पावडरीचं दुकान पुढच्याच महिन्यात बंद केलं, प्रमाणपत्राची चौकट मोकळी झाली तिच्यात आक्कांनी मारुतीचा फोटो बसवला. वस्ताद त्यानंतर आणखी पाच वर्षं तालमीत आले. चांगले दिवस होते, वाईटही होते. गोळ्या वाढल्या, वेळा बदलल्या, दूध मात्र दिवे लागताना यायचं ते शेवटपर्यंत.

कित्तूरबाईंच्या सांगण्यावरून नानांनी दाराशी जमिनीवर पांढऱ्या रंगाचा जाड पट्टा मारून घेतला, वस्तादांना तो बघून पाऊल टाकता यावं म्हणून. रंग वाळल्यावर पहिल्या सकाळी मी बाजूला उभा राहिलो. वस्ताद आले, दारात थांबले. पट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पट्टा दिसतोय न्हवं, वस्ताद?" मी विचारलं.

"दिसतोय की. तू बस."

मी खाली बसलो आणि पाय लांब केला.